जसंच्या तसं

तिला घरात बडबडी म्हणत. म्हणत म्हणजे तोंडानं नव्हे. ओठांपाशी बोटं आणि अंगठा चोचीसारखे उघडमीट केले, की झालं तिचं नाव. आई-बाबा दोघंही जन्मापासून बहिरे, त्यांच्या मित्रमंडळीतही बहुतेक सगळे बहिरेच. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात ऐकू येणारी ही एकटी पोर, आणि तीही अखंड टकळी चालवणारी. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला असं एखादं नाव मिळतं आणि ते जन्मभर चिकटतं. बाबांचं नाव होतं भुवई. त्यांच्या भुवया साधा चहा मागतानासुद्धा नाटक करत. त्यांच्या नाटकमंडळीत एक डोंगर होता, अंगापिंडानंही तसाच, आणि एक खळी होती, जी हसली की हे नाव का ते कुणाला सांगावं लागत नसे.

शाळेत जायच्या आधीच बडबडी दुभाषी झाली. घरमालक दारात येऊन ओरडायचा, "ह्या बहिऱ्यांना किती वेळा सांगायचं, नळ वाहतोय म्हणून!" बडबडी बाबांना खुणेनं सांगायची, काका विचारताहेत, पाणी नीट येतं ना? तेवढ्यात बाबांना घरमालकाचा चेहरा दिसलेला असायचा. ते म्हणायचे, त्याला सांग, आधी नळ दुरुस्त कर आणि मग तोंड उघड. बडबडी घरमालकाकडे वळून गोड आवाजात म्हणायची, "बाबा म्हणतात, जमलं तर एकदा नळ बघाल का?" नळ दुरुस्त व्हायचा. घरमालक बाबांना सज्जन माणूस समजायचा आणि बाबा घरमालकाला बरा माणूस समजायचे. पोरीनं दोन्हीकडे साखर पेरली नसती, तर त्या घरातून त्यांचं चंबूगबाळं कधीच बाहेर पडलं असतं.

मोठेपणी तिला नोकरी लागली, पण संध्याकाळ मंडळीसाठी राखलेली. बाबांनी शाळेतल्या दोस्तांना घेऊन ही नाटकमंडळी काढली होती. जुन्या मालाच्या एका गोदामात त्यांनी लाकडी फळ्यांची जमीन बसवून घेतली, कारण बहिऱ्या नटांना ती जमीनच ऐकू येते. विंगेतून कुणी पाय आपटला, की ती धडक फळ्यांतून दुसऱ्याच्या तळपायाला कळते आणि तो आपल्या प्रवेशाला उभा राहतो. नाटक सगळं हातांनी आणि चेहऱ्यानं चालायचं. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांसाठी बडबडी बाजूला माइक घेऊन बसायची आणि संवाद वाचून दाखवायची. शिवाय तिकीटविक्री, पत्रव्यवहार, भाडं थकलं की गोदामाच्या मालकाशी गोड बोलणं हेही तिच्याकडेच. आई कपडे शिवायची. ती शिंपीण होती आणि मंडळीतल्या प्रत्येकाची मापं तिला पाठ होती. कुणी जाड झालं की मंडळीत आधी आईला कळायचं आणि मग सगळ्यांना.

मग ती साथ आली आणि सगळं बंद झालं.

सुरुवातीला बडबडीला थोडी गंमतच वाटली. सगळी गल्ली आपापल्या खिडक्यांत अडकलेली. माणसं पलीकडच्या इमारतीकडे तोंड करून घसा फोडत होती आणि "काय? काय म्हणालात?" करत होती. समोरच्या इमारतीत राहणारी खळी आणि बडबडीची आई मात्र बंद काचांआडून तासन् तास निवांत गप्पा मारत. अख्ख्या गल्लीत ज्यांच्या बोलण्यात काही खंड पडला नाही, अशा त्या दोघीच. शेजारीपाजारी हेव्यानं बघत राहायचे.

पण गंमत फार दिवस टिकली नाही. बाबांना लागण झाली आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. आत कुणालाच सोडत नव्हते, बडबडीलाही नाही. तिनं दारावर हात जोडले, मी मुलगी म्हणून नाही, दुभाषी म्हणून येते, म्हणाली. दारावरच्या माणसानं नाही म्हणून मान हलवली. आत बाबांभोवती सगळे तोंड बांधलेले. एरवी माणसाच्या ओठांवरून ते बरंच काही ताडायचे. आता ओठच दिसेनात. लोक यायचे, डोळे हलायचे, काहीतरी टोचायचे आणि जायचे. आपल्याला काय झालंय, आपण मरणार आहोत का, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

मग आईनं मार्ग काढला. वॉर्ड वरच्या मजल्यावर होता आणि बाबांची खाट खिडकीशी. आई खालच्या आवारात, जिथून खिडकी दिसते तिथं जाऊन उभी राहिली आणि हात वर करून बोलायला लागली. बडबडी शेजारी उभी राहून फोनवर वॉर्डातल्या नर्सशी बोलायची, नर्स काय ते सांगायची, बडबडी ते आईला सांगायची आणि आई खालून वर. ताप उतरलाय. उद्या नळी काढतील. तू जेवत नाहीस असं कळलं, हे काय चाललंय तुझं? त्या आवारात बसलेल्या बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांकडे फोन होते. पण वरच्या त्यांच्या माणसाला धाप लागलेली, तोंडावर नळ्या. बोलणार कोण आणि ऐकणार कोण? ते आईकडे बघत राहायचे. शेवटी बाबांच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको उठून आईकडे आली. 'मी इथंच आहे' हे कसं म्हणायचं, असं तिनं बडबडीला विचारलं. आईनं तिचे हात धरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या आवारातली सगळी माणसं खिडक्यांकडे बघून तेवढं एक वाक्य हातांनी म्हणत होती.

बाबा घरी आले, पण अर्धेच आले म्हणायला हवं. वजन घटलं, ते भरून निघालं. दम लागायचा, तोही कमी झाला. हात मात्र थरथरायला लागले ते लागलेच. ऐकू येणाऱ्या माणसाचे हात थरथरले तर त्याचा चहा सांडतो. बाबांची सगळी वाचाच त्या हातांत होती. एक खूण करायला जावं तर दुसरीच व्हायची, बोटं मध्येच अडायची. ज्या माणसाचं बोलणं बघायला बहिरी माणसं लांबून यायची, तो माणूस हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसायला लागला.

मंडळीही पांगली. डोंगर घरोघर पार्सलं पोचवायला लागला, खळी एका बेकरीत लागली. निर्बंध उठल्यावर बडबडीनं गोदामाचं कुलूप काढलं आणि दारातच थांबली. वरच्या टाकीचा नळ बंद काळात कधीतरी फुटला होता. पाणी मुरून मुरून फळ्या फुगल्या होत्या, उखडल्या होत्या, कोपऱ्यात तर पाय ठेवताच आत जात होता. जमीन मुकी झाली होती.

कला, साहित्य, इतिहास अशा विषयांत काम करणाऱ्या ज्या ना-नफा संस्था साथीत बुडाल्या, त्यांना उभं करायला सरकार अनुदान देणार आहे, ही बातमी डोंगरानं आणली. एका वाचनालयात पार्सल द्यायला गेला असताना त्यानं फलक वाचला होता. बडबडीनं लगेच अर्ज केला. मागणी दोनच गोष्टींची होती, जमीन आणि नटांचा एका हंगामाचा पगार. अर्ज लिहिताना तिनं नेहमीप्रमाणे समोरच्याला काय आवडेल याचा विचार केला आणि त्यात 'असहाय', 'वंचित', 'मूक कलावंत' असे शब्द सढळ हातानं घातले. अशा शब्दांनी कामं होतात, हा तिचा जन्माचा अनुभव.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला आणि निवडसमिती जागा बघायला येणार असं कळलं. तिनं घरी सांगितलं, बोलायचं काम माझ्यावर सोडा. त्यावर बाबांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. किती दिवसांनी ते स्वतःहून बोलत होते.

"मंडळी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"मग मी बोलतो. तू आवाज दे."

बाबांच्या हातांची बडबडीला भीती होतीच, पण त्याहून जास्त त्यांच्या फटकळपणाची होती. हात थरथरतात म्हणून फटकळपणा कमी झालेला नव्हता. तिनं आईकडे मदतीसाठी बघितलं. आई बाबांच्या सदऱ्याचं सैल झालेलं बटण घट्ट करत होती. ती मान वर न करता एका हातानं म्हणाली, बोलू दे त्याला.

समितीत तिघं होती. अध्यक्षा म्हणजे आखूड पांढऱ्या केसांच्या, निवृत्त झालेल्या इतिहासाच्या प्राध्यापिका. एक हिशेबतपासनीस. तिसरा तरुण अधिकारी, जो फोटो काढत होता. तिघंही भली माणसं होती, हे आधीच सांगायला हवं. उखडलेल्या फळ्यांवरून ती जपून चालत आली, मांडलेल्या खुर्च्यांवर बसली, चहा घेतला. प्राध्यापिकाबाईंनी हळुवार आवाजात बडबडीला विचारलं, "यांच्यासाठी एवढं करता, कौतुक आहे तुमचं. बंद काळात या बिचाऱ्यांचे फार हाल झाले असतील ना?"

बडबडीनं खुणेनं सांगितलं, बाई विचारताहेत, बंद काळ कसा गेला?

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. त्या चेहऱ्यावर जे होतं, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं. ते उठून उभे राहिले. हात वर आले, थरथरले, स्थिरावले. ते म्हणाले, दया आणली असेल तर परत घेऊन जा, ती आमच्याकडे भरपूर पडून आहे.

"बाबा म्हणतात," बडबडीच्या तोंडून सवयीनं निघालं, "तुमच्या सहानुभूतीबद्दल आभारी आहोत, आणि..."

धाड्. बाबांनी पाय आपटला. कुजक्या फळ्यांतूनसुद्धा तो तिच्या टाचेला कळला. ते तिच्या ओठांकडे बघत होते. बाप बहिरा होता, आंधळा नव्हता. लेकीचे ओठ तर ते ती बोलायला लागल्यापासून वाचत आले होते. नळाबद्दल घरमालकाला ती काय सांगायची, हेही त्यांना तेव्हापासून ठाऊक असणार, हे तिला त्या क्षणी उमगलं. इतकी वर्षं त्यांनी चालवून घेतलं होतं.

"जसंच्या तसं," बाबा म्हणाले. एवढी एकच खूण, एका तळहातावर दुसरा तळहात नेमका बसवल्यासारखी. हात हलले तरी ती नेमकी बसली.

बडबडीनं आपली खुर्ची बाबांच्या एका बाजूला, जरा मागे ओढली, म्हणजे तिला त्यांचे हात दिसतील आणि समितीची नजर त्यांच्यावर राहील. मग ती बोलली. 'बाबा म्हणतात' तिनं गाळलं.

"दया आणली असेल तर परत घेऊन जा," ती म्हणाली. "ती आमच्याकडे भरपूर पडून आहे."

अधिकाऱ्याचा फोटो काढणारा हात खाली आला. हिशेबतपासनीसानं कप बशीत ठेवला. प्राध्यापिकाबाई बडबडीकडे बघत होत्या, त्या सावकाश बाबांकडे बघायला लागल्या.

"हाल सगळ्यांचेच झाले," बाबांच्या हातांमागोमाग तिचा आवाज चालत राहिला. "पण बोलण्याचे हाल आमचे नाही झाले, तुमचे झाले. जगाचं तोंड बांधलं गेलं, तेव्हा कुणाचं बोलणं चालू होतं? आमच्या घरच्या बाईनं रुग्णालयाच्या आवारात उभं राहून मला वर सगळी खबर दिली. कोण वारलं, कोण वाचलं, समोरच्यांनी भिंतीला कसला घाणेरडा रंग लावलाय. माझ्याशी भांडलीसुद्धा. शेजारच्या खाटेवरच्याला चांगले दोन कान होते. त्याची बायको खाली रडत उभी होती आणि त्याला एक शब्द पोचत नव्हता. ती माझ्या बायकोकडून बोलायला शिकली."

इथं त्यांची बोटं अडली. एक खूण होता होता विस्कटली. त्यांनी परत केली, परत विस्कटली. काय म्हणायचंय ते बडबडीला कळलं होतं. वाक्य पुरं करणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. जन्मभर तिनं लोकांची वाक्यं पुरी केली होती, रंगवून, गुळगुळीत करून. आता ती गप्प बसली. बाबांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तिसऱ्यांदा खूण केली.

"मूक," बडबडी म्हणाली. हा तिच्याच अर्जातला शब्द होता, म्हणजे बाबांनी अर्ज वाचलेला होता. "मूक कलावंत असं अर्जात लिहिलंय. ते खोडा. आम्ही मूक नाही, बहिरे आहोत. मूक ही जमीन झालीये, आणि ती दुरुस्त होते. जमीन द्या. या शहराला हातांचं जे बोलणं तेव्हा यायला हवं होतं आणि आलं नाही, ते आम्ही नाटकात दाखवू. हे आमचं मागणं, आणि ते कामाचं मागणं आहे."

हिशेबतपासनीसानं जरा चाचरत विचारलं, नटाच्या हातांना कंप असेल तर पुढं काम कसं जमणार? बडबडीनं प्रश्न तसाच्या तसा सांगितला, त्यातला 'कंप'सुद्धा. बाबांच्या भुवया कपाळावर चढल्या.

"मी तोतरा झालोय," ते म्हणाले. "तोतऱ्या माणसाला दिग्दर्शन करता येत नाही, असा नियम आहे का?"

प्राध्यापिकाबाई हसल्या, आणि मग तो हिशेबतपासनीसही हसला. जाताना बाईंनी बडबडीशी नाही, बाबांशी हात मिळवला. म्हणाल्या, मी माझा पहिला प्रश्न मागे घेते. बडबडीनं तेही सांगितलं. घरी परतताना ती बाबांना म्हणाली, काम गेलं आपलं. बाबा म्हणाले, गेलं तर गेलं, निदान आपण गेलो नाही. आणि त्या दिवसापासून त्यांचे हात मांड्यांखाली गेले नाहीत.

काम गेलं नव्हतं. मागितलं होतं त्याहून थोडं कमी, पण जमीन आणि पगार दोन्ही निभतील एवढं अनुदान मंजूर झालं. कळवणाऱ्या पत्रात संस्थेला 'बहिऱ्या कलावंतांची नाटकमंडळी' असं म्हटलेलं होतं. आईनं ते पत्र वाचलं, परत वाचलं, आणि शेजारणीला नेऊन दाखवलं.

सुतार आला तेव्हा त्याला वाटलं, जमीन सपाट झाली की झालं. पण डोंगर, खळी आणि बाबा तिघं चपला काढून तीन कोपऱ्यांत उभे राहिले आणि पाय आपटून आपटून प्रत्येक फळी तपासायला लागले. एक फळी कळत नाही म्हणून काढायला लावली. सुतार आधी वैतागला, मग त्यानंही वहाणा काढल्या, आणि शेवटी तोच हट्टाला पेटून म्हणाला की खालचं लाकूड जरा चढवतो, बघा मग कशी कळते. कळली. तो इतका खूश झाला, की पुढं रोज कामावरून जाताना आत डोकावून पाय आपटून जायला लागला.

नाटक रुग्णालयाच्या आवाराचं होतं. खळी आई झाली आणि डोंगर बाबा. पहिल्या तालमीपासून आईची तक्रार, मी अशी पोक काढून उभी राहत नव्हते, आणि माझी पिशवी उजव्या खांद्यावर असायची. बाबांचीही तक्रार होती, मी आजारी होतो, हा डोंगर आजारी दिसतच नाही. आईनं त्यावर तोडगा काढला आणि डोंगराचे कपडे दोन मापं मोठे शिवले.

प्रयोगाच्या आधी बडबडीनं माइक काढून पुसून ठेवला. बाबा म्हणाले, या वेळी आवाज नको. लोकांना कळणार नाही, ती म्हणाली. बाबा म्हणाले, रुग्णालयात मलाही काही कळत नव्हतं. बसू दे त्यांना थोडा वेळ तसंच. मग कळेल.

त्यामुळे ती आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या मंडळीचं नाटक प्रेक्षकांत बसून बघत होती. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. सुरुवातीला लोक चुळबुळले, एकमेकांकडे बघायला लागले. शेजारच्या गृहस्थांनी तिला हळूच विचारलं, हे काय म्हणताहेत? ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि रंगमंचाकडे बोट दाखवलं. खळी आवारात उभी राहून वर बघत बोलत होती, रागावत होती, थट्टा करत होती. वर डोंगर खिडकीशी एवढंसं तोंड करून बसलेला, आणि खरंच, तो डोंगराएवढा माणूस चिमूटभर दिसत होता. मग बाकीचे नट एकेक करून खळीच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांनी मिळून ती खूण केली. मी इथंच आहे. कुणी अर्थ सांगितला नाही. शेजारच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या रांगेतली एक बाई बसल्या जागी मांडीवर तीच खूण करून बघत होती. नाटक संपलं तेव्हा पाय आपटण्याचा एकच गडगडाट झाला. तो लोकांना कुणी शिकवला नव्हता. नट फळ्यांवर अनवाणी उभे होते आणि खालून वर येणारी ती धडक त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होती. आई शेवटच्या रांगेत उभी राहून सगळ्यांना सांगत होती, ती मी आहे, ती मी. एरवी चारचौघांत स्वतःबद्दल बोटही न हलवणारी बाई.

गर्दी पांगायला लागली तेव्हा प्राध्यापिकाबाई बडबडीकडे आल्या. 'फार छान' कसं म्हणायचं, त्यांनी विचारलं. बडबडी सांगणार होती, पण थांबली. म्हणाली, "त्यांनाच विचारा ना. शिकवतील." बाई गेल्या. बाबांनी त्यांची बोटं धरून खूण दाखवली, बाईंनी ती उलटी केली, बाबांच्या भुवया वर गेल्या, आणि डोंगर, खळी आणि बाई असे सगळेच हसत सुटले. तिथं दुभाष्याचं काही काम नव्हतं.

दाराशी शेजारचे गृहस्थ रेंगाळले होते. त्यांनी विचारलं, तुम्ही या संस्थेत काय करता? एरवी तिनं सचिव, व्यवस्थापक, दुभाषी असं सगळं लांबलचक सांगितलं असतं. रंगमंचाशी बाबा बाईंची बोटं पुन्हा सरळ करत होते, आणि शेवटच्या रांगेत आई अजून कुणाला तरी पिशवी कुठल्या खांद्यावर होती ते पटवत होती.

"मी त्या दोघांची मुलगी," बडबडी म्हणाली, आणि खुर्च्या आवरायला आत गेली.